आंकडा कोठून आला?

पुण्यामुंबईच्या, आणि तेथून बंगळूर-हैदराबादेस जाऊन राहिलेल्या, कित्येक मराठी कुटुंबांत आज एखादी मुलगी किंवा मुलगा सॉफ्टवेअरच्या मोठ्या कंपनींत नोकरीस असतो. "तुझें काम काय?" असें घरांतील वडील माणसानें मुलीला विचारलें, तर "मी रिपोर्टिंग पाहतें" एवढेंच त्रोटक उत्तर मिळतें. वडिलांच्या मनांत रिपोर्ट म्हणजे टाइप करून साहेबांच्या टेबलावर ठेवावयाचा कागद. एवढ्याशा कामाला इतका पगार कां, आणि महिनाअखेरीस रात्रीं अकरा वाजतां फोन कां, हें कोडें त्यांना सुटत नाहीं. हें काम नेमकें काय आहे, तें अवघड कां आहे, आणि तें चुकलें असतां कोणाचें काय बिघडतें, याचा विचार आजच्या भाषणांत करावयाचा आहे.

या कामास व्यवहारांत 'बिझनेस इंटेलिजन्स' असें भारदस्त नांव आहे. इंटेलिजन्स म्हणजे बुद्धि, हा अर्थ आपणांस परिचित आहे; परंतु या शब्दप्रयोगाच्या मुळाशीं बुद्धि नसून बातमी आहे. रिचर्ड मिलर डेव्हन्स या अमेरिकन ग्रंथकारानें १८६५ सालीं व्यापारी लोकांच्या आख्यायिकांचा एक जाडजूड संग्रह प्रसिद्ध केला. त्यांत सर हेन्री फर्नेस या लंडनच्या पेढीवाल्याचें वर्णन करतांना त्यानें हे दोन शब्द एकत्र योजले आहेत. फर्नेसनें हॉलंड, फ्लँडर्स, फ्रान्स आणि जर्मनी या देशांतून बातमी आणण्याची चोख व्यवस्था ठेवली होती. लढायांचे निकाल इतरांच्या आधीं त्याच्या कानीं येत. नामूरचा किल्ला पडल्याची बातमी अशीच लवकर हातीं आल्यानें त्याच्या नफ्यांत भर पडली, असें डेव्हन्स सांगतो. पुढें १९५८ सालीं आय. बी. एम. कंपनींतील हान्स पीटर लून या संशोधकानें याच नांवाचा एक निबंध लिहिला. कचेरींत येणाऱ्या कागदपत्रांचा सारांश यंत्रानें काढावा आणि ज्या माणसाला ज्या माहितीची जरूर, त्याच्याकडे ती आपोआप पोंचवावी, अशी त्याची कल्पना होती. १९८९ सालीं हॉवर्ड ड्रेस्नर यांनीं हें नांव पुन्हां पुढें आणलें, आणि तेव्हांपासून वस्तुस्थितीच्या आधारें निर्णय घेण्याच्या सर्व साधनांना मिळून तें रूढ झालें.

फर्नेसला बातमी परदेशाहून आणावी लागे. आजच्या मोठ्या कंपनीला ती आपल्याच घरांतून आणावी लागते, आणि नवल असें कीं तेंच अधिक कठीण होऊन बसलें आहे. तें कसें, हें समजण्यासाठीं ही कंपनी विकते तरी काय, हें प्रथम पाहिलें पाहिजे.

पूर्वीं सॉफ्टवेअर विकत घ्यावें लागे. पेटी आली, पैसे दिले, व्यवहार मिटला. आतां तें भाड्यानें मिळतें. विक्रेत्याचीं यंत्रें दूर कोठेंतरी मोठमोठ्या इमारतींत चालू असतात, आणि गिऱ्हाईक इंटरनेटवरून त्यांचा उपयोग करून घेतें. यालाच क्लाउड म्हणतात. नांव ढगाचें असलें तरी ढगांत कांहींच नाहीं. सारें जमिनीवर, विजेच्या तारांना जखडलेलें आहे. सॅन फ्रान्सिस्को येथें १९९९ सालीं निघालेल्या सेल्सफोर्स कंपनीनें गिऱ्हाइकांच्या नोंदी ठेवण्याचें सॉफ्टवेअर अशा रीतीनें वर्गणीवर देण्यास आरंभ केला. आणि २००६ सालीं ॲमेझॉननें माहिती साठविण्याची जागा व गणनाची शक्ति हींच भाड्यानें देण्याचा धंदा उघडला. विहीर खणून घेणें आणि नळाचें पाणी घेणें यांत जो फरक, तोच येथें आहे. विहिरीचा खर्च एकदांच होतो. नळाचें बिल दर महिन्याला येतें, आणि नळ कोणत्याहि दिवशीं तोडून टाकतां येतो.

या एका फरकामुळें "आपली विक्री किती झाली?" हा दुकानदाराचा अगदीं साधा प्रश्न अवघड झाला. समजा, अशा एका कंपनीनें १ जानेवारीस एका कारखान्याशीं तीन वर्षांचा, एकूण ३६ लाख रुपयांचा करार केला, आणि पहिल्या वर्षाचें १२ लाखांचें बिल लगेच पाठविलें. ३१ जानेवारीस मालकानें विचारलें, "या करारापासून आपल्याला काय मिळालें?" विक्रीखात्याचा मनुष्य म्हणेल, ३६ लाख. बिलें पाठविणारा म्हणेल, १२ लाख. हिशेबनीस म्हणेल, १ लाख. कारण सेवा एकाच महिन्याची दिली आहे, आणि न दिलेल्या सेवेचे पैसे हातीं आले तरी तें उत्पन्न नव्हे, देणें आहे. तिघेहि खरें बोलत आहेत. हिशेबनिसाच्या म्हणण्याला कायद्याचा आधार आहे: मे २०१४ मध्यें अमेरिकन आणि आंतरराष्ट्रीय हिशेबमंडळांनीं मिळून उत्पन्न केव्हां धरावें याचे नियम प्रसिद्ध केले, आणि त्यांच्याशीं जुळणारा 'इंड ए-एस ११५' हा नियम भारतांत १ एप्रिल २०१८ पासून लागू झाला.

एवढ्यावर भागत नाहीं. वर्गणीच्या धंद्यांत आणखी एक चौथा आंकडा फार प्रिय आहे. आज हातांत असलेले सर्व करार असेच चालू राहिले तर वर्षाला किती पैसे येतील, असा तो आंकडा. त्याला वार्षिक आवर्ती उत्पन्न म्हणतां येईल. आपल्या उदाहरणांत तें १२ लाख. भागधारकांना सांगतांना, कंपनीची किंमत ठरवितांना, याच आंकड्याचा उच्चार सर्वांत आधीं होतो. आणि गंमत अशी कीं त्याची व्याख्या कोणत्याहि हिशेबी नियमांत दिलेली नाहीं. सही झाली पण सेवा सुरू झाली नाहीं, असा करार त्यांत धरावा काय? फुकट वापरून पाहणारें गिऱ्हाईक धरावें काय? सोडून जाण्याची नोटीस दिलेलें गिऱ्हाईक शेवटच्या दिवसापर्यंत धरावें काय? प्रत्येक कंपनी आपापल्या परीनें उत्तर देते. रिपोर्टिंगचें काम ज्याच्याकडे सोंपविलें असतें त्याला प्रथम हीं उत्तरें गोळा करावीं लागतात, लिहून काढावीं लागतात, आणि सर्व खात्यांना मान्य करून घ्यावीं लागतात.

गिऱ्हाइकें टिकतात कीं जातात, हा दुसरा प्रश्न घ्या. वर्षाच्या आरंभीं १०० गिऱ्हाइकें मिळून वर्षाला १०० लाख रुपये देत होतीं. त्यांतील १० सोडून गेलीं; तीं लहान होतीं आणि सर्वांचे मिळून ४ लाखच देत होतीं. राहिलेल्या ९० जणांनीं आपला वापर वाढविला आणि तीं ९६ लाखांऐवजीं १०६ लाख देऊं लागलीं. आतां टिकाव किती? माणसें मोजलीं तर शेंकडा ९०, मूळचा पैसा मोजला तर ९६, आणि वाढ धरली तर १०६. गिऱ्हाइकांची सेवा पाहणाऱ्या खात्याला ९० हा आंकडा बोंचतो, विक्रीखात्याला १०६ हा आवडतो. दोघेहि आपापला कागद घेऊन एकाच बैठकींत येतात, आणि पहिला अर्धा तास धंदा कसा सुधारावा यांत न जातां खरा कागद कोणाचा या वादांत जातो. हा वाद मिटविणारा मनुष्य गणितांत हुशार असून भागत नाहीं. त्याच्या निःपक्षपातीपणावर दोन्ही बाजूंचा विश्वास असावा लागतो. हा वाद केवळ मानाचाहि नसतो. विक्रेत्याचा बोनस, एखादी शाखा ठेवावी कीं बंद करावी, पुढील तिमाहींत माणसें घ्यावीं कीं कमी करावीं, हे निर्णय अशाच आंकड्यांवर होतात. कागदावरील एका रकान्याच्या व्याख्येवर कोणाच्या तरी घरची चूल अवलंबून असते.

आतां हे आंकडे गोळा कसे होतात तें पाहूं. मोठ्या कंपनीची माहिती एका वहींत नसते. विक्रीखात्याची नोंद एका सॉफ्टवेअरमध्यें, बिलांची दुसऱ्यांत, गिऱ्हाईक रोज काय वापरतें याची तिसऱ्यांत, तक्रारींची चौथ्यांत आणि मुख्य हिशेबाची पांचव्यांत असते. आणि हीं सॉफ्टवेअरें बहुधा दुसऱ्या क्लाउड कंपन्यांकडून भाड्यानें घेतलेलीं असतात. म्हणजे आपल्याच घरची माहिती पांच शेजाऱ्यांच्या घरीं ठेवलेली, आणि प्रत्येकाची कुलपें निराळीं. या पांच ठिकाणांहून दररोज रात्रीं माहितीच्या प्रती आणून, त्या निवडून, पांखडून एका कोठारांत भरावयाच्या, ही या कामाची मुख्य रीति आहे. अशा कोठाराची मांडणी बॅरी डेव्हलिन आणि पॉल मर्फी यांनीं १९८८ सालीं एका निबंधांत दाखविली. बिल इन्मन यांनीं १९९२ मध्यें आणि राल्फ किंबॉल यांनीं १९९६ मध्यें तीवर ग्रंथ लिहिले. किंबॉल यांची पद्धति समजण्यास फार सोपी आहे. मध्यभागीं घडलेल्या घटना ठेवाव्या: इतके रुपये, इतके नग. सभोंवतीं त्या घटनांविषयीं विचारतां येण्याजोगे प्रश्न ठेवावे: कोणी, केव्हां, कोठें, कोणती वस्तु. मग "गेल्या दिवाळींत कोल्हापूरच्या शाखेंत कोणता माल खपला?" यासारखा कोणताहि प्रश्न त्या मांडणींतून सहज सोडवितां येतो.

सांगावयास हें सोपें. पण निवडतां-पांखडतांना जे खडे लागतात ते पाहण्यासारखे आहेत. तीच कंपनी एका ठिकाणीं पूर्ण नांवानें, दुसऱ्या ठिकाणीं आद्याक्षरांनीं आणि तिसऱ्या ठिकाणीं मुंबईच्या शाखेच्या नांवानें लिहिलेली असते. यंत्राला तीं तीन गिऱ्हाइकें वाटतात. महिना संपतो केव्हां, हेंहि सर्वत्र एक नसतें. पुण्यांत १ जानेवारी उजाडण्यासाठीं रात्रीचे बारा वाजतात, तेव्हां सॅन फ्रान्सिस्कोंत ३१ डिसेंबरचे सकाळचे साडेदहाच झालेले असतात. त्या दिवशीं तेथें दुपारीं झालेला करार कोणत्या वर्षाचा? डॉलरांतील रक्कम रुपयांत मांडावयाची, ती सहीच्या दिवसाच्या भावानें कीं महिनाअखेरच्या भावानें?

विक्रीखात्याची नोंद ही बहुधा शाळेंतील फळ्यासारखी असते. कराराची रक्कम बदलली कीं जुना आंकडा पुसून नवा लिहिला जातो. "मागील महिन्यांत आपण काय अपेक्षिलें होतें आणि प्रत्यक्षांत काय झालें?" असें मालकानें विचारलें, तर मागील महिन्याचा फळा पुसलेला असतो. म्हणून दररोज रात्रीं त्या फळ्याचें चित्र काढून ठेवावें लागतें. आणखी एक चूक तर फारच फसवी आहे. आपल्या ३६ लाखांच्या कराराची तीन वर्षांचीं तीन बिलें आहेत. करार आणि बिलें शेजारीं शेजारीं मांडलीं तर प्रत्येक बिलापुढें कराराची रक्कम पुन्हां येते. त्या रकान्याची बेरीज केली कीं ३६ लाखांचे एक कोटी आठ लाख होतात. यंत्र तक्रार करीत नाहीं, तक्ता सुबक दिसतो, आणि आंकडा मोठा असल्यामुळें तो कोणाला खटकतहि नाहीं.

आपल्या जुन्या पेढ्यांवर या रोगावर एक औषध होतें. व्यवहार प्रथम रोजकीर्दींत, मग खतावणींत, आणि शेवटीं ताळेबंदांत येई; पेशवे दफ्तरांतहि रोजकीर्द व ताळेबंद हे शब्द आढळतात. कीर्दींतील नोंदीपुढें खातेपानाचा आंकडा लिहिण्याची चाल होती. त्यामुळें ताळेबंदांतील एखादी रक्कम संशयास्पद वाटली तर तीवर बोट ठेवून खतावणीच्या पानावर, तेथून कीर्दीच्या ओळीवर, आणि तेथून मूळ चिठ्ठीवर मुनीम जाऊं शके. त्या हिशेबाची सारी अब्रू या परत जाण्याच्या वाटेवर होती. अहवालाची प्रतिष्ठा त्याच्या रंगीत वर्तुळांवर किंवा तो किती जलद आला यावर नाहीं, तर त्यांतील प्रत्येक आंकड्यापासून मूळ नोंदीपर्यंत परत जातां येतें कीं नाहीं यावर आहे. ही वाट तुटली म्हणजे काय होतें, याचीं दोन उदाहरणें इंग्लंडांत घडलीं. तीं क्लाउड कंपन्यांचीं नाहींत. परंतु रोग तोच आहे, आणि तेथें तो सर्वांच्या दृष्टीस पडला.

पहिलें उदाहरण करोनाच्या सांथीचें आहे. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२० या आठवड्यांत इंग्लंडमधील १५,८४१ रुग्णांची नोंद सरकारी आंकड्यांत आलीच नाहीं. प्रयोगशाळांकडून आलेली माहिती सार्वजनिक आरोग्यखातें एक्सेलच्या जुन्या पद्धतीच्या तक्त्यांत ओतून पुढें पाठवीत असे. त्या जुन्या तक्त्यांत ६५,५३६ हून अधिक ओळी मावत नाहींत. आणि एकेका रुग्णाला अनेक ओळी लागत. तक्ता भरला तशा उरलेल्या नोंदी मुकाट्यानें गळून पडल्या. रुग्णांना स्वतःचा निकाल कळला होता; परंतु त्यांच्या सहवासांत आलेल्या लोकांना शोधून सावध करण्याचें काम त्या नोंदींवर अवलंबून होतें, तें कित्येक दिवस लांबलें. सांथीच्या दिवसांत त्या लांबलेल्या दिवसांची किंमत काय, हें सांगावयास नको. येथें कोणी लबाडी केली नव्हती. इकडून किती नोंदी निघाल्या आणि तिकडे किती पोंचल्या, हा साधा मेळ दररोज घातला असता तर पहिल्याच सायंकाळीं ती उणीव उघडकीस आली असती. धान्याचीं पोतीं गाडींत चढवितांना आणि उतरवितांना मोजण्याची अक्कल आपल्या हमालांनाहि असते. माहितीच्या बाबतींत मात्र ती आपण विसरतों.

दुसरें उदाहरण अधिक दारुण आहे. ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसनें १९९९ पासून आपल्या शाखांत फुजित्सु कंपनीची होरायझन नांवाची हिशेबाची यंत्रणा बसविली. गांवोगांवच्या पोस्टशाखा चालविणारे लोक सायंकाळीं रोकड मोजीत, तों यंत्र सांगे कीं इतके पौंड कमी आहेत. करारान्वयें ती तूट त्यांनीं स्वतःच्या पदरची भरावयाची होती. कित्येकांनीं घरदार गहाण टाकून ती भरली. ज्यांना भरतां आली नाहीं त्यांच्यावर चोरीचे आणि खोट्या हिशेबाचे खटले झाले. १९९९ ते २०१५ या काळांत पोस्ट ऑफिसनें भरलेल्या खटल्यांत सातशेंहून अधिक लोकांना दोषी ठरविण्यांत आलें, आणि कांहीं तुरुंगांतहि गेले. आपली तूट कोणत्या व्यवहारांतून उत्पन्न झाली हें त्यांना पाहतां येत नव्हतें. यंत्रानें शिल्लक सांगितली, ती प्रमाण; माणसाचें म्हणणें अप्रमाण. अखेर ॲलन बेट्स आणि त्यांचे सहकारी, एकूण ५५५ जण, न्यायालयांत गेले. डिसेंबर २०१९ मध्यें उच्च न्यायालयानें निकाल दिला कीं त्या यंत्रणेंत दोष होते, त्यामुळें हिशेबांत चुका होऊं शकत होत्या, आणि शाखेच्या माणसाच्या नकळत दुरून त्याच्या हिशेबांत फेरफार करणें शक्य होतें. एप्रिल २०२१ मध्यें ३९ जणांची शिक्षा रद्द झाली, आणि मे २०२४ मध्यें पार्लमेंटनें कायदाच करून उरलेल्यांपैकीं बहुतेकांना निर्दोष ठरविलें. मधल्या काळांत कित्येकांचें आयुष्य निघून गेलें होतें.

ही यंत्रणा व्यवहार नोंदविणारी होती, मालकांना अहवाल देणारी नव्हती, असा आक्षेप कोणी घेईल, आणि तो खरा आहे. परंतु ज्याच्याविरुद्ध आंकडा वापरावयाचा त्याला तो आंकडा कोठून आला हें पाहण्याचा हक्क असला पाहिजे, हा धडा दोहोंना सारखाच लागू आहे. एखाद्या विक्रेत्याला "तुझ्या भागांतील गिऱ्हाइकें फार गळतात" असें म्हणून कमी करावयाचें असेल, तर कोणतीं गिऱ्हाइकें, कोणत्या तारखेला आणि कोणत्या व्याख्येनें गळलीं, ही यादी त्याच्या हातीं पडली पाहिजे.

याच्या उलट बाजूचाहि एक धोका आहे. आंकडा बरोबर असतो, पण माणसें त्या आंकड्यासाठींच काम करूं लागतात. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञानें १९७५ सालीं या प्रवृत्तीकडे लक्ष वेधलें होतें. अमेरिकेंतील वेल्स फार्गो बँकेनें एकेका गिऱ्हाइकाच्या नांवावर अधिकाधिक खातीं असावींत असें लक्ष्य ठरवून नोकरांवर त्याचा ताण ठेवला. अहवालांतील खात्यांची संख्या वाढत गेली. परंतु त्यांतील लाखों खातीं गिऱ्हाइकांच्या संमतीवांचून उघडलेलीं असावींत असें निष्पन्न झालें. सप्टेंबर २०१६ मध्यें बँकेस १८.५ कोटि डॉलर दंड झाला, आणि सुमारें ५,३०० नोकरांना कामावरून काढल्याचें उघड झालें. मोजमाप हें काठीसारखें वापरलें कीं तें खोटें बोलूं लागतें. म्हणून जाणता प्रमुख एकच आंकडा मालकापुढें ठेवीत नाहीं. खात्यांच्या संख्येशेजारीं किती खात्यांत खरोखर व्यवहार होतात हाहि आंकडा तो ठेवतो.

या सर्वांवरून अशा खात्याच्या प्रमुखाचें कर्तव्य काय, हें बरेंचसें स्पष्ट होतें. त्यानें प्रथम व्याख्यांची वही ठेवावी, आणि तींतील प्रत्येक व्याख्येपुढें ती कोणी व केव्हां मान्य केली हें लिहावें. व्याख्या बदलली तर जुने आंकडे नव्या व्याख्येनें पुन्हां काढून दोन्ही शेजारीं दाखवावे. नाहींतर व्याख्येंतील फरक हा धंद्यांतील वाढ म्हणून खपतो. दर महिन्याला आपल्या बेरजेचा मुख्य हिशेबाच्या ताळेबंदाशीं मेळ घालावा, आणि फरक राहिला तर तो लपवूं नये, त्याचें कारण लिहावें. कोणी वाचीत नाहींत ते अहवाल बंद करावे. कारण जिकडे शंभर तक्ते टांगलेले असतात तिकडे प्रत्येकाला आपल्या सोयीचा तक्ता सांपडतो. कोणी कोणती माहिती पाहावी याचे नियम कडक असावे, कारण त्या कोठारांत गिऱ्हाइकांचीं गुपितें असतात. आणि चूक सांपडली तर ज्या ज्या माणसाकडे तो अहवाल गेला असेल त्या प्रत्येकाला दुरुस्ती कळवावी. शेवटचें कर्तव्य सर्वांत जड आहे, कारण वरिष्ठांना आवडलेला आंकडा मागें घेणें हें गणिताचें काम नाहीं, धैर्याचें आहे.

साधनें मात्र दिवसेंदिवस सोपीं होत आहेत. मायक्रोसॉफ्टचें पॉवर बी-आय जुलै २०१५ मध्यें सर्वांसाठीं खुलें झालें. जून २०१९ या एकाच महिन्यांत सेल्सफोर्सनें टॅब्लो ही चित्ररूप अहवाल तयार करणारी कंपनी सुमारें १५७० कोटि डॉलरांस, आणि गूगलनें लुकर ही तशीच कंपनी २६० कोटि डॉलरांस घेण्याचें जाहीर केलें. क्लाउडच्या व्यापाऱ्यांना अहवालाचें मोल किती वाटतें तें यावरून दिसतें. अलीकडे तर कृत्रिम बुद्धीच्या साह्यानें साध्या बोलीभाषेंत प्रश्न विचारावा आणि यंत्रानें कोठारांतून उत्तर काढून द्यावें, अशी सोय होऊं लागली आहे. सोय चांगली आहे, परंतु "आपलीं गिऱ्हाइकें किती?" असें विचारल्यावर यंत्र एक आंकडा ठामपणें सांगेल, आणि गिऱ्हाईक कोणास म्हणावें हें ठरलें नसेल तर तो ठामपणा अधिकच घातक होईल. उत्तर जितकें सहज मिळूं लागेल तितकी व्याख्येची आणि खातेपानाची गरज वाढेल.

हा विचार केवळ कंपन्यांपुरता नाहीं. आंकडे आज प्रत्येक घरांत येतात: विजेचें बिल, बँकेचा उतारा, मुलाच्या परीक्षेची टक्केवारी, रक्ततपासणीचा कागद, वर्तमानपत्रांतील महागाईचा दर. त्यांतील प्रत्येकाला तीन प्रश्न विचारण्याची संवय प्रत्येक सुशिक्षित माणसानें लावून घेण्यासारखी आहे. यांत काय मोजलें आणि काय वगळलें? कोणत्या तारखेपर्यंतचें मोजलें? आणि मला शंका आली तर मूळ नोंद कोण दाखवील? विजेच्या बिलाच्या बाबतींत तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर आपल्या जिन्याखालीं आहे. मीटर तेथें आहे, कोणीहि जाऊन वाचावें. मोठ्या संस्थांच्या मोठ्या आंकड्यांनाहि असा एक मीटर असावा, आणि ज्याचें हित त्यांत गुंतलें आहे त्याला तो वाचतां यावा, एवढीच रास्त अपेक्षा आहे. ती पुरी करण्यासाठींच महिनाअखेरीस रात्रीं अकरा वाजतां कोणीतरी जागें असतें.